चार बटणांची गवसणी

टेलरबाईंनी बोट बुडवली ती उभ्या जागी, कमरेएवढ्या पाण्यात, रविवारी सकाळी, बाक गच्च भरलेला असताना.

“बुडवायचीच होती तर जरा आत नेऊन बुडवायची,” असं बाकावरचे मास्तर त्यानंतर दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. “म्हणजे निदान प्रवास झाला असं म्हणता आलं असतं.”

कारण अगदी साधं होतं. बोटीच्या मागच्या बाजूला, बुडाशी, अंगठ्याएवढं भोक असतं. बोट बाहेर काढली की आत साचलेलं पाणी त्यातून निघून जातं. पुन्हा पाण्यात घालायच्या आधी त्या भोकाला बूच लावायचं. टेलरबाईंनी ते लावलं नव्हतं. ते होतं त्यांच्या पर्समध्ये, हरवू नये म्हणून सुईदोऱ्याच्या डबीत जपून ठेवलेलं. बोट ऐटीत तरंगली, तीनेक मिनिटं तरंगली, आणि मग दमलेली बाई खुर्चीत टेकते तशी मागून हळूच खाली बसली.

तलावाच्या काठी बोटी पाण्यात सोडायला काँक्रीटचा सार्वजनिक उतार आहे. वरून कोरडा, खाली शेवाळलेला. मोटारीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट. मोटार उलटी चालवत खाली न्यायची, ट्रेलर पाण्यात गेला की बोट आपोआप तरंगते. सांगायला इतकंच. करायला गेलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते, आणि ती बघायला उताराच्या डोक्यावर एक लांब बाक आहे. त्यावर सात वाजल्यापासून पाचसहा बाप्ये बसलेले असतात. बोटी त्यांच्याही आहेत. पण स्वतःची बोट हाकण्यापेक्षा दुसऱ्याची फजिती बघण्यात जास्त मजा येते.

तसं बघायला गेलं तर बाकावरचा एकही जण धुतल्या तांदळासारखा नव्हता. मास्तरांनी एकदा बोटीला बांधलेले पट्टे न सोडताच ट्रेलर पाण्यात घातला होता. बोट काही तरंगेना. मास्तर मागे, अजून मागे, अजून मागे, शेवटी मोटारीच्या धुराड्यातून बुडबुडे यायला लागले. दातवाल्या डॉक्टरांनी बोटीच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोर बांधायचा विसरून बोट ढकलली, ती निघाली एकटीच, आणि डॉक्टर बुटांसकट तिच्यामागे पोहत गेले. आणि भावजींनी, म्हणजे टेलरबाईंच्या सख्ख्या दिरांनी, इंजिन वर न उचलता बोट उतारावरून नेली होती आणि इंजिनाच्या पंख्याची तीनही पाती काँक्रीटवर खरवडली होती. आवाज असा आला म्हणे की डॉक्टरांनाही दात शिवशिवल्यासारखं झालं.

पण ते सगळे किस्से होते. टेलरबाईंचं ते बूच मात्र पुरावा ठरलं.

“बघा, मी म्हणत नव्हतो? हे बायकांचं काम नाही,” बाकावरचा प्रत्येक जण म्हणायचा.

बोट मुळात टेलरबाईंच्या नवऱ्याची. ते पाट्या रंगवायचे, म्हणून सगळे त्यांना पाटीवाले म्हणत. दुकानांच्या, शाळांच्या, मोटारींच्या नंबराच्याही. मागच्या वर्षी एका दुपारी शिडीवर असतानाच उजवं अंग गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं काठीच्या आधाराने आलं, उजवा हात काही आला नाही. शर्टाची बटणं लावायला त्यांना बायको लागायची. बायको टेलर, तिने सगळ्या शर्टांची बटणं काढून वेल्क्रोची चिकटपट्टी शिवून दिली. तर हे म्हणाले, “नको. हे... लहान मुलांचं असतं.” तिने पुन्हा बटणं लावली. रोज सकाळी ती त्यांच्यासमोर उभी राहून ती लावायची, आणि ते छताकडे बघायचे.

एका गोष्टीला मात्र डावा हात पुरत होता. बोटीच्या इंजिनाचा दांडा डाव्याच हाताने धरायचा असतो. गेली वीस वर्षं ते तसाच धरत आले होते. पाण्यात गेल्यावर त्यांना कुणाची मदत लागणार नव्हती. अडचण होती ती फक्त उतारावरची.

भावजींनी त्यावर आपला तोडगा काढला. घरी येऊन, खुर्ची ओढून, चहा पिऊन झाल्यावर म्हणाले,

“वहिनी, बोट मला द्या. दादाच्याने आता होत नाही आणि तुमच्याने होणार नाही. तुम्ही ती परत बुडवाल. माझ्याकडे राहील तर घरातच राहील.”

“आणि हे?”

“नेईन की त्यालाही. कधीमधी.”

त्या “कधीमधी”वर पाटीवाल्यांनी मान खाली घातली. टेलरबाईंनी कात्री खाली ठेवली.

“भावजी, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी बोट पाण्यात घालीन. कुणाचा हात लागणार नाही. लागला तर बोट तुमची, ट्रेलरसकट.”

“वहिनी, उगाच हट्ट करू नका.”

“हट्ट नाही. माप घेतेय.”

भावजी हसत गेले, आणि संध्याकाळपर्यंत पैज अख्ख्या बाकाला ठाऊक झाली.

दार लागल्यावर पाटीवाले म्हणाले, “अगं... ट्रेलर उलटा... जातो.”

“माहीत आहे मला. बघितलंय ना तुमच्या शेजारी बसून वीस वर्षं.”

बघणं वेगळं आणि करणं वेगळं. मोटार मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे पळतो. टेलरबाईंनी पहिल्या दिवशी भाजीबाजाराच्या रिकाम्या आवारात ट्रेलरला इतक्यांदा घडी घातली, की रखवालदार येऊन विचारून गेला, “बाई, काही शोधताय का?” दुसऱ्या दिवशी पाटीवाले शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, “हात... खाली धर. स्टिअरिंगच्या तळाशी. ट्रेलर जिकडे हवा... तिकडे हात ने.” बस्स. तेवढ्याने निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं त्यांना त्यांच्या मशीनने आधीच शिकवलं होतं. बाही जोडताना सुईकडे बघायचं नसतं, पुढच्या कापडाकडे बघायचं असतं. ट्रेलरचंही तेच. आठवड्याभरात त्या तो दोन खोक्यांच्या मधून टिपेसारखा सरळ नेऊ लागल्या.

राहिला विसरण्याचा प्रश्न. टेलरबाई स्वतःला ओळखून होत्या. लोक बघायला लागले की त्यांच्या डोक्याचं गाठोडं व्हायचं. मग त्यांनी जे येत होतं तेच केलं. जाड निळ्या कापडाची एक गवसणी शिवली, स्टिअरिंगच्या चाकावर चढेल अशी, आणि तिला ओव्हरकोटाची चार मोठी बटणं लावली. लाल म्हणजे बूच. काळं म्हणजे पट्टे. पिवळं म्हणजे नाकाचा दोर. पांढरं म्हणजे इंजिन वर. उतारावर पोचल्यावर गवसणी चाकावर चढवायची. एकेक काम करून यायचं आणि एकेक बटण काढायचं. चारही निघाल्याशिवाय चाक हाताला लागणारच नाही. मग डोकं असो नसो.

पहिला रविवार उजाडला. बाकावर त्या दिवशी सात माणसं होती, एक तर घरून उशी घेऊन आलेला. पाटीवाले धक्क्याजवळ घडीच्या खुर्चीत बसले. टेलरबाईंनी या दिवसासाठी मुद्दाम पँट शिवली होती, सहा खिशांची.

गवसणी चाकावर चढली. त्यांनी बूच लावलं, पिळून बघितलं, परत येऊन लाल बटण काढलं.

“अहो टेलरबाई,” मास्तर ओरडले, “बोट सोडताय की मोटारीला स्वेटर घालताय?”

“गवसणी आहे.”

“आणि बटणं कशाला?”

टेलरबाई पट्टे सोडत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, “चार चुका, चार बटणं. लाल माझं. काळं तुमचं, मास्तर. पिवळं डॉक्टरांचं. पांढरं आमच्या भावजींचं. एक माझं, तीन तुमची.”

 मग उशीवाला खो-खो हसायला लागला, आणि भावजींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने उशी मांडीवर घेतली.

पांढरं बटण निघालं. गवसणी उतरली. हात चाकाच्या तळाशी. टेलरबाईंनी बाकाकडे पाठ फिरवली, मागच्या काचेतून पाण्याची कड धरली आणि मोटार सोडली. ट्रेलर एकदा जरा तिरका झाला. “गेली, गेली!” डॉक्टर म्हणाले. त्या थांबल्या, दोन हात पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या. टीप वाकडी गेली तर उसवून परत घालावी, त्यात लाज कसली? चाकं पाण्यात गेली. हँडब्रेक. खाली उतरून गुडघाभर पाण्यात. नाकाचा हुक सोडला, खांद्याने एक धक्का, आणि बोट तरंगली.

टेलरबाई तिथेच उभ्या राहिल्या. एक मिनिट. दोन. तीन. बाकही मोजत होता. बोट खाली बसली नाही.

दोर धक्क्याला बांधला, मोटार वर नेऊन लावली, परत येऊन बोटीत पाय ठेवला, दोर सोडला आणि धक्क्याला लाथ मारून बोट लोटली. सगळं एकटीने. वाऱ्याने बोट पंधरावीस हात आत नेली. त्या ऐटीत इंजिनापाशी बसल्या आणि किल्लीसाठी खिशात हात घातला.

पहिला खिसा. दुसरा. सहाही खिसे झाले. मग पुन्हा पहिला.

धक्क्याजवळच्या खुर्चीत पाटीवाल्यांनी सावकाश डावा हात वर केला. बोटीची किल्ली त्या हातात होती. वीस वर्षं ती त्यांच्याच शर्टाच्या खिशात राहत आली होती. घरून निघताना त्यांनी सवयीने घातली, आणि तिने सवयीने मागितली नाही.

अख्खा बाक हसत सुटला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उशीवाला उशीत तोंड खुपसून हसत होता.

“वहिनी!” भावजी धावत धक्क्यावर आले. “दोर फेका! ओढून घेतो!”

“नको!”

“अहो, वाहून जाल!”

“जाईन! हात लावायचा नाही!”

“वहिनी, आता हसं करून घेऊ नका!”

“हसं झालंच आहे, भावजी, आता आणखी काय व्हायचं!” टेलरबाईंनी फळीखालून वल्हं ओढून काढलं. वल्हं एकच होतं. एका वल्ह्याने बोट पुढे जात नाही, गरागरा फिरते. ती फिरली. एकदा बाकाकडे तोंड, एकदा पाठ, पुन्हा तोंड. तोंड आलं की त्या ओरडायच्या.

“भावजी! दुसरं वल्हं कुठाय?”

पाठ.

“अं?”

तोंड. “मागच्या वर्षी दोन दिवसांसाठी नेलं होतंत ते!”

आता बाकाने माना वळवल्या त्या भावजींकडे. भावजी धक्क्याच्या फळ्या मोजायला लागले.

तिसऱ्या गिरकीला टेलरबाईंना कळलं. वल्हं दोनदा डावीकडे मारायचं, मग उचलून दोनदा उजवीकडे. नागमोडी, पण पुढे. काज भरताना टाके जातात तसं, आतून बाहेर, बाहेरून आत. दहा मिनिटं लागली. घामाने पाठ भिजली. कुणी दोर मागितला नाही, कुणी दिला नाही. बोट धक्क्याला टेकली, त्यांनी ती स्वतः बांधली आणि वर आल्या.

“वहिनी,” भावजी हळूच म्हणाले, “परत आलात. म्हणजे तसं बघितलं तर...”

“तसं बघायचं नाही. असं बघा.” त्यांनी वल्ह्यानेच दाखवलं. “बोट कुठाय?”

“पाण्यात.”

“हात कुणाचा लागला?”

भावजींनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, “लागला नाही बुवा कुणाचा.”

टेलरबाई मोटारीकडे गेल्या, गवसणी आणि सुईदोऱ्याची डबी घेऊन आल्या आणि थेट बाकासमोर उभ्या राहिल्या. त्या बाकावर आजवर एकही बाई बसलेली नव्हती. तसा नियम नव्हता. तशी कुणी पाटीही रंगवली नव्हती.

“सरका.”

“आँ?”

“सरका, मास्तर. बसायचंय. उभ्याने बटण लागत नाही.”

अख्खा बाक सरकला. ओली पँट, शेवाळलेले पाय, तशाच त्या मधोमध बसल्या. उशीवाल्याची उशी मागून घेऊन पाठीशी घातली. दोरा दाताने तोडला, डबीतलं एक हिरवं बटण काढलं आणि चार बटणांच्या खाली पाचवं लावायला घेतलं. हिरव्याच्या आत कापडाचा छोटा खिसा केला, किल्लीच्या मापाचा. सगळा बाक त्यांच्या सुईकडे बघत होता.

“हे कुणाचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमच्या दोघांचं.”

दोरा गुंडाळला, गाठ मारली. खाली जाऊन किल्ली त्या खिशात घातली, बटण लावलं आणि गवसणी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

“चला. किल्ली काढा आणि न्या मला.”

पाटीवाल्यांनी डाव्या हाताचा अंगठा बटणावर ठेवला. काज नवं होतं, घट्ट. बटण अर्धं सरकलं आणि परत गेलं. भावजी पुढे वाकले.

“दे दादा, मी...”

“भावजी,” टेलरबाई म्हणाल्या.

भावजींनी हात मागे घेतला.  दुसऱ्यांदा अंगठा लागला, नख काजाच्या कडेखाली गेलं, आणि बटण निघालं.

“भाऊ,” पाटीवाले उठता उठता म्हणाले, “वल्हं... उद्या आण.”