हरलेल्यांचं बियाणं

अगं मनू, ये, अशी माझ्याजवळ बस आणि आधी बोलणी खा. ठाण्याहून खडवली काय परदेशात आहे का गं? वर्तकनगरच्या तुझ्या घरातून निघालीस तर दोन तासांत माझ्या पडवीत चहा पीत असशील. पण नाही. आजोबांच्या तेराव्याला आलीस, ती गेलीस, आणि नंतर फोनवर नुसतं "आत्या, पुढच्या रविवारी नक्की." तुझे ते रविवार मोजणं मी सोडून दिलं. म्हणून आता लिहूनच काढते. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचायला मी पुडीच्या कागदांवरून शिकले, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाल. पण तेराव्यानंतर या घरात काय झालं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही, आणि ते तुला ठाऊक असायला पाहिजे. आजोबांची सगळ्यात लाडकी नात ना तू.

तुझ्या आजोबांना दोनच वेडं, भातशेती आणि फुटबॉल. आमचं मूळ गाव दिव्याकडचं. तिथे भात कापून झालं की खाचरं मोकळी होत, मग बाबा दोन खाचरांमधला बांध फोडून मैदान करायचे. पायात चुरचुर टोचणारी धसकटं, त्यावर अनवाणी धावायचं. आजूबाजूच्या गावांच्या टीमा येत. जिंकणाऱ्यांना नारळ आणि कोंबडा. आणि हरणाऱ्या प्रत्येकाला आमच्या भाताच्या बियाण्याची एकेक पुरचुंडी. त्या पुरचुंड्या आईच्या फाटक्या लुगड्यात मी बांधायची, आणि चिडायची. "बाबा, हरलेल्यांना कसलं हो बक्षीस?" तर म्हणायचे, "जिंकलेला तसाही खूश असतो गो. हरलेल्याला घरी न्यायला काहीतरी नको?" पुढे त्या गावावर इमारती उठल्या. जमीन गेली, तेव्हा बाबांनी खडवलीला नदीकडचा हा तुकडा घेतला, आणि जुन्या घरातून काय आणलं माहीत आहे? एक फुटबॉल आणि बियाण्याचा एक मुडा. मुडा म्हणजे पेंढ्याचं ते गोल गाठोडं गं, माळ्यावर असतं ते. म्याच इथेही सुरू झाली. बाबांचे गुडघे गेले, पण तोंडातली शिट्टी गेली नाही.

आजारात बाबा कल्याणच्या इस्पितळात होते, तेव्हा मी गावदेवीला नऊ मंगळवार बोलले. कडक उपास, पाणीसुद्धा दिवे लागल्यावर. सातव्या मंगळवारी बाबा गेले. जायच्या दोन दिवस आधी माझा हात धरून एवढंच म्हणाले होते, "राब भाजून ठेवलाय. रोहिणीत बी टाका. वाण मोडू नका." राब म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांसाठी केलेला तुकडा गं. खरं सांगते मनू, मी देवीवर रुसले. उरलेले दोन मंगळवार मी पोटभर जेवले आणि देवळाच्या वाटेने जायचंच बंद केलं. मनात म्हटलं, मी माझं वचन पाळत होते, तू काय केलंस?

आता माझी चूक ऐक. तेराव्याला माणसं येणार म्हणून मी घर झाडायला काढलं. माळ्यावर दोन मुडे होते, दिसायला अगदी सारखे. एकाला बाबांच्या जुन्या बुटाची नाडी बांधलेली. काळी, मळकी, गाठ मारलेली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा काहीतरी चाळा, आणि ओढून काढून कचऱ्यात टाकली. तीच तर खूण होती! नाडीवाला मुडा बियाण्याचा, दुसरा खायचा. तेराव्याच्या आदल्या दिवशी तुझे पप्पा म्हणाले, "ताई, तांदूळ कमी पडतील." मी म्हटलं, "काढ माळ्यावरचा एक मुडा आणि ने गिरणीत." कुठला ते मीच बोटाने दाखवला.

तुला आठवतं का, पंगतीत सगळे भाताचं कौतुक करत होते? वास अंगणापर्यंत गेलेला. मी मिरवत वाढत होते. तेवढ्यात तुझी धाकटी आजी, बाबांची बहीण, घास हातात धरून थांबली. वास घेतला आणि हळूच म्हणाली, "गो बाय, हा भात कंच्या मुड्यातला? हा तं दादांच्या बियाण्याचा वास." माझ्या हातातला डाव तिथेच थांबला. पंगत उठल्यावर माळ्यावर चढून दुसरा मुडा उसवला, तर आत जाडं संकरित भात. बाबांच्या दाण्याला टोकाला काळं कुसळ असतं, ते एकालाही नाही. भरडलेल्या तांदळाला कधी कोंब येतो का गं? जुन्या गावातलं आमचं एवढंच उरलेलं, आणि ते मी दोनशे माणसांना जेवू घातलं. वर कौतुक करून घेतलं!

तुझे पप्पा मला रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "जाऊ दे ताई, दुकानातून पिशवी आणू." धाकटी आजी ओळखीपाळखीत विचारून आली. कुणाकडे नव्हतं. सगळ्यांनी केव्हाच दुकानचं धरलेलं. मी डोंबिवलीला परत गेले, पण घरात लक्ष लागेना. कुकरची शिट्टी झाली की मी उठून बाहेर जायची. भाताकडे बघवत नव्हतं.

रोहिणी लागायच्या आदल्या दिवशी सकाळी मी खडवलीला आले. आपल्याकडे पेरणीआधी सुपातून पहिलं पसाभर बी गावदेवीला दाखवायला नेतात, तुला माहीत आहे. ते काम दरवर्षी बाबांचं. मी खुंटीवरचं त्यांचं सूप काढलं आणि रिकामंच घेऊन निघाले. बाईमाणसाने रिकामं सूप घेऊन देवीपुढे जाऊ नये म्हणतात. वाटेत एकदोघींनी बघितलं, मी पदर ओढून घेतला. देवळात कुणी नव्हतं. सूप तिच्यापुढे ठेवलं आणि इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलले. म्हटलं, "आई, मी भांडायला आले नाही. बाबांना का नेलंस तेही विचारत नाही. सूप रिकामं आहे, आणि ते माझ्यामुळे रिकामं आहे. माझ्याकडे द्यायलाही काही नाही आणि मागायला तोंडही नाही. आता पेरायचं की पडीक ठेवायचं, तू सांगशील तसं." खूप रडले. मग उगाच हलकं वाटलं, जसं ताप उतरल्यावर वाटतं तसं. सूप उचललं आणि घरी आले.

अंगणात स्कूटर उभी. पन्नाशीचा एक माणूस पडवीच्या पायरीवर बसलेला, पायाशी रंगाची रिकामी बादली, वर फडकं बांधलेलं. मला बघून उठला. "म्याच लावणाऱ्या बाबांचं हेच घर ना? मी नदीपलीकडचा. बाबा गेल्याचं परवा कळलं हो मला, माफ करा." मी पाणी दिलं. तो एका दमात प्यायला आणि हसायला लागला. "मी गोलकीपर होतो, ताई. एका म्याचला सात गोल खाल्ले. आमच्या पोरांनी मला खाचरात लोळवायचं बाकी ठेवलेलं. बाबांनी जवळ बोलावलं आणि सगळ्यात मोठी पुरचुंडी मला दिली. म्हणाले, सात खाल्लेस, तुला जास्त पाहिजे."

मलाही हसू आलं. मग म्हणाला, "तेव्हापासून दरवर्षी एका खाचरात तेच लावतो. बाजारात कुठेही भेटले की पहिला प्रश्न, बी जिवंत आहे ना रे? आता विचारणारं कोण राहिलं? म्हटलं, त्यांचं थोडं त्यांच्या शेतात परत जाऊ दे. तुमच्याकडे असेलच म्हणा, पण माझ्या समाधानासाठी ठेवा." आणि त्याने फडकं सोडलं. मी वाकून बघितलं. प्रत्येक दाण्याच्या टोकाला काळं कुसळ.

सूप अजून हातातच होतं, तेच पुढे केलं. तो बिचारा गोंधळला, पण ओतलं त्याने, काठोकाठ. तुझे पप्पा राबाकडून आले, सुपात हात घातला आणि एक दाणा उचलून उजेडात धरला. मग मी सगळं सांगितलं. नाडी, गिरणी, पंगत. तो माणूस सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे ताई, मी ते सात गोल अडवले असते तर...?" पप्पा आधी हसले आणि मग रडले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्याच पावली आम्ही तिघं भरलेलं सूप घेऊन देवळात गेलो. दुसऱ्या दिवशी बी पडलं. आठवड्याने राब हिरवा पोपटी झाला, तेव्हा मी बांधावर बसून किती दिवसांनी पोटातून श्वास घेतला.

हा चमत्कार होता का, मला विचारू नकोस. तो माणूस दोन दिवस आधीच निघणार होता, स्कूटर पंक्चर झाली म्हणून त्या दिवशी आला, असंही म्हणाला. मी एवढंच जाणते की आयुष्यभर देवीकडे मी काहीतरी ठरवून गेले. इतके मंगळवार घे आणि एवढं दे. फक्त त्या एका दिवशी काही न ठरवता, काही न मागता गेले. आणि बाबांनी जे मुठीत धरून ठेवलं होतं ते माझ्या हातून गेलं. जे हरलेल्यांना वाटून टाकलं, तेच परत आलं. हे मला या वयात कळलं. तुला लवकर कळावं म्हणून लिहिते.

भात आता घरात आलंय. डोंबिवलीचं घर सुनेकडे सोपवून मी इथेच राहते. बियाण्याचा नवा मुडा मी स्वतः बांधला, त्याला तुझ्या पप्पांच्या बुटाची नाडी बांधली आणि घरातल्या सगळ्यांना ती दाखवून ठेवली. या वर्षी म्याच पुन्हा आहे. बांध फोडून झालाय, बाबांची शिट्टी घासून ठेवलीय, आणि नदीपलीकडचा तो माणूस या वयात पुन्हा गोलात उभा राहणार म्हणतो, तेव्हा पुरचुंड्या भरपूर लागणार. माझी बोटं आता गाठ मारताना दुखतात. तू ये, मनू. माझं जुनं लुगडं फाडून ठेवलंय.