व्याही, बल्ब आणि एक कुरडई

माणसापेक्षा तारेवर जास्त विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या जळगाव जामोदात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, पण थाट सगळा डॉक्टरचा. गाडी आली की ते बॉनेटला हात लावत नाहीत. आधी मालकाला स्टुलावर बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "कवापासून हाय? खड्ड्यात जास्त होते का सपाटीवर?" एकदा एक घाईतलं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, मी नाही, गाडी बिघडली!" त्यावर व्याही शांतपणे, "गाडी बोलत नाही ना भाऊ, म्हनून तं तुमाले इचारून राह्यलो." मग खिशातून निघतो त्यांचा बल्ब. एवढासा, दोन तारा जोडलेला. तार जिवंत असली की पेटतो, मेलेली असली की नाही. तो खिशात लग्नातही असतो. माझ्या लेकीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत माईक बंद पडला, तर नवरदेवाचा हा बाप अक्षता टाकायच्या सोडून फेट्यासकट माईकच्या बॅटरीपाशी उकिडवा बसला होता.

तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडलं. मुरडणारच! मी शाळेत विज्ञान शिकवत होते. फळ्यावर सर्किट काढायची, बाण दाखवायची, पोरांना दरडावायची. जन्मात एक फ्यूज हातात धरला नव्हता. आज ती तेव्हाची बाई समोर आली तर मी तिला स्टुलावर बसवून पाणी देईन.

बारा वर्षं झाली. मे महिना होता, आणि लेक बुलढाण्याला दवाखान्यात बाळंत झाली होती. बाळ दिवसांआधी आलेलं, मुठीएवढं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी उद्या सोडतो म्हटलं, पण बजावलं, बाळाला ऊन लागू देऊ नका. बुलढाण्याहून घाट उतरलं की आमच्याकडचं ऊन म्हणजे भट्टीच. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या गाडीचा एसी गेला. पंखा फिरायचा, हवा यायची, पण चुलीवरची. आमच्या ह्यांनी फ्यूज बदलला की दहा मिनिटं गारवा, एखादा स्पीड ब्रेकर आला की परत फ्यूज उडालेला. शेवटी सकाळीच गाडी व्याह्यांकडे नेली. मीही गेले, देखरेखीला.

मला स्टुलावर बसवण्यात आलं.

"विहीणबाई, गाडीवर काही वाळू घातलं होतं काय? गहू, मिरची?"

"छे हो! गाडीवर कोणी वाळवण घालतं का?" मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले.

घालतं. मी घातलं होतं. आमच्याकडे डोंगरातली वानरं गच्चीवर येतात, एक कुरडई ठेवत नाहीत. म्हणून मी अंगणात गाडीच्या बॉनेटवर धोतर पसरून कुरडया घातल्या होत्या आणि वरून जाळी. खालून तापलेला पत्रा, वरून ऊन, दुपारपर्यंत खडखडीत! गल्लीत माझ्याएवढी हुशार बाई नाही, असं मीच मला सांगितलं होतं. ह्यांना पत्ता नव्हता. व्याह्यांना कोण सांगणार?

माझ्या 'छे' वर विश्वास ठेवून त्या भल्या माणसानं डॅशबोर्ड खोलायला घेतला. एकेक तार ओढायची, बल्ब लावायचा, पेटला की पुढे. दुपार झाली. घामानं शर्ट पाठीला चिकटला. ह्यांनी सुचवलं, "जाड तार टाका ना फ्यूजच्या जागी, काम भागेल."

"अन् गाडी पेटली म्हंजे? नातीले आगीत बसवू काय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. मग बल्ब पुसत म्हणाले, "करंट लबाडी करत नाही, दादा. जिथं अडला तिथं अडला म्हनते. मानूस आधी आपल्या तोंडाकडे पाह्यते, मंग बोलते."

मी चहाच्या कपात पाहत होते.

तीन वाजता ते बॉनेटकडे वळले. काचेखालच्या फटीत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. आत उंदरानं घर केलं होतं. कॉम्प्रेसरकडे जाणारी तार कुरतडून उघडी पडलेली; धक्का बसला की ती पत्र्याला टेकायची आणि फ्यूज उडायचा. "चुहा होता," एवढंच ते बोलले. नवी तार टाकली, तिच्यावर नळी चढवली, खड्ड्यांच्या रस्त्यानं स्वतः गाडी फिरवून आणली. मी पुढे केलेल्या चहाचा रिकामा कप मला परत दिला, तेव्हा बशीत कुरडईचा एक तुकडा होता, काळा पडलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ गारव्यात झोपून घरी आलं.

त्यानंतर दर उन्हाळ्यात पहिला डबा कुरडयांचा व्याह्यांकडे जातो. ते कधी कोणाला बोलले नाहीत, माझ्या लेकीलाही नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. आता दुकान बंद आहे. हात थरथरतात, नावं विसरतात, खिशात बल्ब मात्र असतो. यंदा डबा घेऊन गेले, तर नात त्यांना तीच गोष्ट सांगायला लावत होती. पत्रा, स्पीड ब्रेकर, फ्यूज, सगळं बरोबर सांगितलं आणि मध्येच थांबले.

"मंग आबा, उंदीर गाडीत आलाच काऊन?"

त्यांनी खूप आठवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ते नाही आठवत बेटा."

खरंच विसरले होते, की अजून मला सांभाळून घेत होते? मी त्यांच्या तोंडाकडे पाहून घेतलं, काही कळलं नाही. मग मीच स्टूल ओढलं, बसले आणि म्हणाले, "मी सांगते."