शेजारच्या वाफ्यातली शेंग

त्या सकाळी रुख्माबाईंनी कुंपणावरून हाक मारून बातमी दिली होती, "गुरुजी, वालाले फूल आलं! चष्मा लावा अन् या लवकर!" त्याच दुपारी त्यांच्या सुनेने दुसरी बातमी आणली. जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत... आज आठ आठवडे झाले.

शेलूबाजारात आमच्या वस्तीमागे एक मोकळा भूखंड आहे. पूर्वी तिथे कचरा पडे. भाजीपाला पिकवणाऱ्या घरात जन्मलेल्या रुख्माबाईंना ते सहन होईना. त्यांनी अकरा घरे गोळा केली, जागा झाडली, अकरा वाफे पाडले आणि एकच नियम घातला: आपला वाफा आपण राखायचा, पण त्यातले आपण खायचे नाही, ते शेजाऱ्यांनी तोडायचे. नियम अव्यवहार्य आहे, असे मी स्पष्ट सांगितले. मी निवृत्त मुख्याध्यापक. ती सवय सुटलेली नाही.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या वाफ्यात वांगी लागली. इतकी तुकतुकीत, काटेरी देठाची वांगी मी बाजारात कधी पाहिली नव्हती. सत्तरीनंतर मनुष्याला असा हर्ष व्हावा, याचे मलाच नवल वाटले. कोणी नाही असे पाहून मी दोन तोडली आणि धोतराच्या सोग्यात घेतली. रुख्माबाई मागेच उभ्या होत्या.

"काहून गुरुजी, चोरी करून राह्यले?"

"मी लावली, मी पाणी दिले. चोरी कशी?"

"असं! मंग शाळेत शिकवत तुमी होते, अन् पास कोन होये? तुमी का पोरं?"

वाफ्यावाफ्यांतून बायका हसल्या. मी निमूट वांगी त्यांच्या हाती दिली. त्यांनी मला हाताला धरून आपल्या वेलाशी नेले. "तोडा आता. माह्या शेंगा हायेत, लाजू नका." त्या कोवळ्या वालाच्या भाजीसारखे मी आयुष्यात काही खाल्लेले नाही. हे विधान मी विचारपूर्वक करतो. पुढची प्रत्येक थंडी मी त्या वेलावर डोळा ठेवून काढली.

यंदा त्या गेल्या, आणि त्यांच्या वाफ्याला कोणी हात लावीना. शेंगा भरल्या, जून होऊ लागल्या. दोन घरांनी आपापल्या वाफ्यातले तोडून नेले. "काकूच नाही, त नियम कायचा?" असे कानावर आले. अकरा वाफ्यांची अकरा कुंपणे होणार, हे मला दिसू लागले.

भोगीच्या सकाळी मी टोपली घेऊन त्यांच्या वाफ्याशी गेलो आणि सगळ्यांना बोलावले. "त्यांनी राखले ते आपण खायचे. तोडा," म्हटले. एकदम झुंबड उडाली! शेंगा, वांगी, हिरवा हरभरा, गाजरे, बोरे, सारे एका पातेल्यात पडले. तिळाच्या भाकरीचा खमंग वास आणि इतका गलका, तरी मी कोणालाही गप्प बसवले नाही.

वाढता वाढता रुख्माबाईंच्या सुनेने विचारले, "आता आत्याबाईचा वाफा कोन राखीन?"

"मी," मी म्हणालो.

"पन गुरुजी, मंग वालाच्या शेंगा तुमाले..."

"नियम मला ठाऊक आहे. वाढ."

पातेले रिकामे होईपर्यंत मी पाटावरून उठलो नाही.