कोलकाता–पुणे, व्हाया केष्टोपूर

"यंदाही चंद्रालाच ओवाळू का रे?" ताईने फोनवर विचारलं.

भाऊबीजेला भाऊ आला नाही, की बहीण चंद्राला ओवाळते. माझी थोरली बहीण कोथरूडला असते आणि गेली सात वर्षं तेच करतेय. मी इकडे कोलकात्यात, सियालदहच्या घाऊक बाजारात खोकी बांधण्यापासून सुरुवात केली. आज खोक्यांचा स्वतःचा कारखाना आहे, पण रजा मागायला मालकच उरला नाही! ओवाळल्याशिवाय ताई जेवत नाही. आता तिला मधुमेह आहे, संध्याकाळी चंद्र दिसेपर्यंत उपाशी राहायला डॉक्टरांची साफ मनाई. म्हटलं, "एकला पोचतो. ताट वाढून ठेव." आणि तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी माहिती: हवाई अंतर सोळाशे किलोमीटरच्या आसपास. थेट विमानाला जाताना पावणेतीन तास धरा. येताना वारा पाठीशी असतो, थोडं लवकर पोचता. रेल्वेने दीड दिवस. सणाचं तिकीट महिनाभर आधी काढा.

मी काढलं ते भाऊबीजेच्याच सकाळचं, नऊचं. इतकी वर्षं इथे राहून विसरलो, की त्याच दिवशी बंगाल्यांची भाऊबीज, भाईफोंटा असतो! सॉल्ट लेकहून विमानतळ अर्ध्या तासावर, पण साडेसहाला रस्त्यावर एक गाडी थांबेना. मोबाइलवर बोलावलेल्या तिघांनी नकार दिला. शेवटी एक पिवळी टॅक्सी हात आडवा करूनच अडवली.

"एअरपोर्ट? ना दादा. केष्टोपूर जाना है. दिदी ना खेये बोशे आछे."

"मेरी भी भूखी बैठी है. पूना में."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "पूना! ओनेक दूर!"

"केष्टोपूर रास्ते में ही है. पहले तुम्हारी दिदी, फिर मेरी. चलो."

गल्लीतल्या दारात त्याची दिदी चंदनाची वाटी घेऊन उभी. आधी त्याला झापलं, "एतो देरी?" मग माझ्याकडे बोट, "उनि के?"

"एँर दिदीओ उपोश," तो म्हणाला.

बाईंनी मला आत बोलावलं. दुसरं आसन टाकलं, मला बसवलं आणि डाव्या करंगळीने माझ्याही कपाळाला चंदन लावलं. निघताना ताईसाठी म्हणून हातात दोन संदेश दिले, छेन्याची मिठाई. "आपनार दिदीर जोन्नो."

विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं होती. धावलो. साठीच्या माणसाने धावू नये, पण धावलो.

पुण्यात विमान वेळेवर उतरलं. लोहगाव ते कोथरूडला मात्र तास-सव्वा तास हाताशी ठेवा. दीडला दार वाजवलं. ताई निरांजन घेऊनच आली आणि कपाळाकडे बघत राहिली.

"आधीच कुणाकडून ओवाळून घेतलंस?"

सगळं सांगितलं. ती हसली. "मग तिचं पुसायचं नाही हं." चंदनाखाली कुंकू लावलं, ओवाळलं. संदेशाचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकला, बाकीचे मी काढून घेतले. मग ती माझ्यासमोर बसून दोन पोळ्या, भाजी, वरणभात जेवली. मी नुसता बघत होतो.

तिसऱ्या दिवशी परत निघताना मी फुशारकी मारली, "बघ, पावणेतीन तासांत आलो."

"सात वर्षं लागली तुला," ताई म्हणाली.

घरी येऊन आठवडा झाला. कपाळावरचं कधीच धुतलं गेलं, ते वाक्य नाही. पुढच्या दिवाळीत कारखाना चार दिवस बंद. नोटीस मी आजच लावली आहे. तिकीट आदल्या दिवसाचं काढणार, आणि भाईफोंट्याच्या आधी केष्टोपूरच्या दिदीकडे साडी पोचवणार.