गलगलीसाहेबांचा उजवा पाय

कंबर धरल्याचा किस्सा कधी एकटा येत नाही. कुणी कण्हत खुर्चीतून उठला की शेजारचा स्वतःचा किस्सा सांगतो, त्याच्या पलीकडचा साडूचा सांगतो, आणि पहिल्याची कंबर तशीच राहते. बंगळूरच्या एका कारखान्यात, आमच्या ड्रॉइंग ऑफिसात, असे किस्से ढिगाने होते. माणसं दिवसभर बोर्डावर वाकून उभी, दुसरं काय होणार? माझ्या वाट्याला आलेले तेवढे सांगतो. साल साठच्या आसपासचं. मला परमनंट व्हायला महिना उरला होता. त्याआधीच्या मेडिकलमध्ये वाकून पायाचे अंगठे धरायला लावत, आणि ज्याला ते जमलं नाही त्याची नोकरी तिथेच संपे.

*

रविवारी आम्ही राजाजीनगरात घर बदललं. भांड्यांची पोती, लोखंडी ट्रंक, सगळं मी एकट्याने जिना चढवून नेलं. काहीही झालं नाही. सोमवारी ऑफिसात खोडरबर खाली पडलं, ते उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो!

शेजारच्या बोर्डावरच्या पाटणकरला वाटलं, मी अजून रबर शोधतोय. भला माणूस, तोही खाली बसून शोधू लागला.

*

कारखान्याचे डॉक्टर निपाणीचे, मराठी बोलणारे. त्यांनी एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि हाडं उत्तम असल्याचं सांगितलं.

"मग दुखतंय काय?" मी विचारलं.

"ते फोटोत येत नाही."

त्यांनी फळीवर निजायला आणि अजिबात न हलायला सांगितलं. घराजवळच्या डॉक्टरांनी तोच फोटो पाहून गादीवर निजायला आणि रोज मैलभर चालायला सांगितलं. दोघांचाही मान राखायचा म्हणून मी एक दिवस फळी, एक दिवस गादी असं सुरू केलं. आठवड्याने नेमकं कुठे दुखतंय तेही मला सांगता येईना.

फळी म्हणजे बाद झालेला ड्रॉइंग बोर्ड. पाटणकरने तो रीतसर मागून घेऊन सायकलला बांधून आणला होता. शिवाय शेजारच्या अक्का रोज हुलग्यांची गरम पुरचुंडी घेऊन येत, आणि "स्वल्प भाजेल, सोसा" म्हणत पाठीवर दाबून धरत. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं, असं माझी बायको कुसुम सांगायची. मला तसं वाटलं नाही.

*

पाटणकरचं म्हणणं, डॉक्टरांना मशीन कळत नाही. त्याने माझ्या पाठीशी ओळंबा सोडला, मापं घेतली आणि मोठ्या कागदावर माझ्या कंबरेचं झकास ड्रॉइंग काढलं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, सगळं. मग हिशेब करून माझ्या बोर्डाच्या पायांखाली विटा लावल्या, म्हणजे वाकायलाच नको. दोन दिवसांत मान धरली.

घोटाळा पुढेच झाला. ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे ते ड्रॉइंग बाकीच्या गठ्ठ्याबरोबर तपासायला गेलं, आमचे हेड ड्राफ्ट्समन गलगलीसाहेब यांच्या टेबलावर. माझ्या कायम होण्याचा रिपोर्ट तेच लिहिणार होते, म्हणून आजवर मी कंबर त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. संध्याकाळी ड्रॉइंग परत आलं. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'टॉलरन्स दिलेला नाही.' म्हणजे माप किती इकडेतिकडे झालेलं चालेल, ते लिहायचं राहिलं होतं.

साहेब चिडलेत की नाही, हे आम्हा दोघांनाही कळेना.

*

त्याच आठवड्यात कुसुम साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेली. साहेबांची आई धारवाडची, मोकळ्या स्वभावाची. बोलता बोलता त्या म्हणाल्या की आमचा मुलगा पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आमच्याकडे घरोघर मानतात.

"अहो, मी बोलून आले," कुसुम घरी येऊन म्हणाली. "रविवारी सकाळी येतायत लाथ मारायला."



साहेब टाय लावून आले, बरोबर आई. मी ड्रॉइंग बोर्डावर पालथा. साहेबांनी उजवा बूट काढला, मोजा काढून नीट घडी करून बुटात ठेवला आणि आईला विचारलं, किती जोर लावायचा. आई म्हणाल्या, तीनदा, मनापासून.

तीनदा पाय लागला. कंबर जशी होती तशीच दुखत होती.

"गेली?" साहेबांनी विचारलं.

आता साहेबांना नाही कसं म्हणणार?

"गेली, सर."

झालं! सोमवारपासून साहेबांच्या डोळ्यांसमोर मला ताठ चालणं भाग पडलं. जिना चढलो, ड्रॉइंगचे रोल उचलले, भीतीने कळ दाबली. गुरुवारी लक्षात आलं की दाबायला कळच उरलेली नाही. फळीने गेली, गादीने, हुलग्यांनी, पायाने की खोटं बोलल्याने, मला आजतागायत सांगता येत नाही.

*

मेडिकलला मी वाकलो, अंगठे धरले, सरळ झालो. कारखान्याच्या त्याच डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

काय काय केलं, म्हणून विचारलं. मी फळी सांगितली. आणखी? गादी सांगितली. आणखी? हुलगे, विटा. "आणखी?" शेवटी मान खाली घालून साहेबांचा पाय सांगितला. आता फॉर्म फाडतात, असं वाटलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फॉर्मवर 'फिट' लिहिलं, सही केली. मग एक हात टेबलावर आणि दुसरा स्वतःच्या कंबरेवर ठेवत, हळूहळू खुर्चीतून उठले. दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"तुमच्या साहेबांना या रविवारी वेळ आहे का?"