लागू पडलेली गोळी

माझ्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न होता, 'तुम्ही सल्ल्याशिवाय औषध घेता का?' त्यात 'डॉक्टरांच्या' हा शब्द मी घातलाच नव्हता. म्हटलं, सल्ला म्हणजे डॉक्टरांचाच, ते काय सांगायला हवं? मी फार्मसी कॉलेजात शिकवते. चिठ्ठीवरची औषधं चिठ्ठीशिवाय घरोघरी कशी फिरतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. कॉलेज सुटलं की फाइल बगलेत मारायची आणि इंदिरानगरच्या सोसायट्या पालथ्या घालायच्या.

सगळीकडे उत्तर एकच. नाही. छे छे, आम्ही नाही बाई! मी पडले घाईची. मला चहाला थांबायचं नसायचं आणि चहाशिवाय कोणी सोडायचं नाही. जिने उतरताना नुसती चिडचिड व्हायची. सगळं गाव एवढं शहाणं असेल, तर मी कशाला उन्हातान्हात हिंडतेय?

एका घरात मात्र काकूंनी 'नाही' सांगितलं आणि लगेच श्रीखंडाचा जुना डबा माझ्यापुढे उघडला. आत गोळ्यांच्या पट्ट्यांचे कात्रीने कापलेले तुकडे. नाव एकावर, तारीख भलत्यावरच. त्यातला एक उचलून म्हणाल्या, "ही झोपेची. आमच्या वहिनींना लागू पडली, म्हणून मला दिली त्यांनी."

"अहो, पण तुम्ही आत्ताच नाही म्हणालात ना!"

"मग? सल्ल्यानेच घेते की. वहिनींच्या."

मी कपाळाला हात लावला. खाली उतरताना जिन्यातच सातवा प्रश्न खोडला आणि नवा लिहिला, 'लागू पडलेली गोळी तुम्ही कोणाला दिलीत का? कोणाकडून घेतलीत का?' आमच्या मार्गदर्शक सरांनी नाक मुरडलं. "ही काय भाषा झाली?" म्हटलं, सर, डबे याच भाषेत उघडतात. मग म्हणाले, आधी चार जणांवर करून बघा. त्या चौघांतली पहिली माझी आई.

आई पंचवटीत राहते. आमची फुलशेती, त्यामुळे तिचा जन्म खाली बसून हार करण्यात गेला. अजूनही करते. मी फॉर्म तिच्या हातात दिला आणि नेहमीसारखी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. फोन बघ, पंख्याचं बटण दाब, खिडकीतून डोकाव.

"अगं, बस की जरा. पायाला भिंगरी लावलीय का?" चष्म्यावरून बघत ती म्हणाली.

तिने सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं. मी उभ्याउभ्याच वाचलं. सातव्या प्रश्नापुढे होतं, 'हो. मुलीने दिली. ती औषधांचंच शिकवते. तिच्या हाताला गुण आहे.'

मला आठवेचना. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी मी स्कूटीवरून पडले होते, कंबर धरली होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतल्या काही उरल्या होत्या. आई गुडघ्यांनी कण्हत होती आणि मी निघायच्या गडबडीत होते. पर्समधली पट्टी तिच्या हातात कोंबली, "घे, जेवणानंतर एक," म्हणाले आणि चप्पल घातली. किती दिवस घ्यायची, हे सांगायचं राहिलंच.

"आई, ती गोळी अजून घेतेस?"

"घेते की, रोज. हार जास्त असले तर दोन. रिकामं पाकीट दाखवलं की दुकानदार देतो. लई गुणाची आहे बघ."

मी खाली बघितलं. तिच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ होते. सूज मला महिनाभर दिसत होती आणि मी म्हणत होते, ऊन फार आहे. रोज घेतलेल्या या गोळ्या किडनीचं काय करतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. फळ्यावर चित्र काढून शिकवते! स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. रिपोर्ट हातात पडल्यापासून मला धड बसवत नव्हतं. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत मी बाकावरून चारदा उठले. आई शांत.

"किडनीवर ताण आलाय," डॉक्टर म्हणाले. "ही गोळी आजपासून बंद. महिन्याने पुन्हा तपासू, किती भरून येतंय ते तेव्हाच कळेल. कोणी सुरू केली होती?"

"मीच आणली. दुकानातून," आई म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही यातल्याच ना? जरा समजावा यांना."

आणि मी "हो" म्हणाले. खरंच म्हणाले. त्यांनी गुडघ्यांना लावायचं मलम लिहिलं, व्यायाम लिहिले, चिठ्ठी पुढे सरकवली. मग मला राहवेना.

"डॉक्टर, ती गोळी मी दिली होती."

टेबलाखाली आईने माझा हात कचकन दाबला.

रिक्षात बसल्या बसल्या ती सुरू झाली. "काय गरज होती बोलायची? कॉलेजात शिकवतेस तू. काय म्हणतील ते?" मला रडू फुटलं. "आई, माझ्यामुळे झालं गं हे." तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा खसाखसा.

पूल ओलांडला. रस्त्यातल्या खड्ड्यात रिक्षा आदळली तशी ती कळवळली आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. डॉक्टरांची चिठ्ठी तिच्या मांडीवर होती. ती घडी करून तिने पिशवीत टाकली आणि माझ्याकडे वळली.

"डॉक्टरांचं राहू दे," म्हणाली. "आता तू सांग, गुडघ्याला काय घेऊ?"