बंद करून चालू

आमच्या कॉलनीला इंटरनेट पुरवणारा हा गृहस्थ घरात शिरताच प्रथम ग्राहकाला दोषी ठरवतो. "काहीतरी दाबलं असंल तुम्ही, सर." मग तो प्लग काढतो आणि पुन्हा लावतो. बिघाड कोणताही असो, त्याचा उपाय हाच.

त्या दिवशी आमचा राउटर सुरूच होईना. मुलीची नोकरीसाठीची मुलाखत थोड्याच वेळात ऑनलाइन व्हायची होती आणि आमच्या तळमजल्यावर मोबाइलला रेंज मिळत नाही. राउटरमधले मूळ सॉफ्टवेअरच बिघडले होते. बोलावल्यावर त्याने येऊन लॅपटॉप जोडला आणि ते नव्याने भरायला घेतले. हे काम चालू असताना वीज तोडली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो, हे पूर्वी त्यानेच मला बजावले होते. तरीही राउटरवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिलेला पाहून त्याचा हात प्लगकडे गेला. मी "थांबा!" म्हणेपर्यंत दिवा विझला होता.

"लई हलका माल हाय, सर," तो शांतपणे म्हणाला.

माझ्या अंगाची लाही झाली. मी काही बोलण्याआधीच तो जिना चढला आणि वरच्या बिऱ्हाडाचा, दाराबाहेर बसवलेला राउटर काढून घेऊन आला.

"वरचे लोक पाचोडला गेलेत लग्नाला. कुणाला कळतंय? ताई, बसा तुम्ही."

"आधी तो जागेवर लावून या!" मी ओरडलो.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. त्याने राउटर माझ्या हातात ठेवला.

"तुम्हीच लावा मग, सर. आन् ताईला बी तुम्हीच सांगा."